एकाच घरात दुसरी चूल मांडायची आहे, अनुभव सांगा (११ माणसं, चार पिढ्या)

गावभागवाली

नमस्कार. तीन-चार वर्षं इथं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय घरातला आहे, गावात कुणाला विचारावं तर संध्याकाळपर्यंत बोळभर होतं, म्हणून इथं विचारते.

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. जुनं दुमजली घर, खाली सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागं परडं, वर माडी आणि तीन खोल्या. माणसं अकरा. आज्जी म्हणजे माझ्या आजेसासूबाई, वय ९१, कान गेलेत पण बाकी ठणठणीत, मग मामा आणि आत्या (सासरे आणि सासूबाई, आमच्याकडं असंच म्हणतात), थोरले भावजी आणि अक्का म्हणजे माझ्या जाऊबाई, त्यांची मुलगी इंजिनिअरिंगला आणि मुलगा अकरावीत, मग आम्ही दोघं, लेक सातवीत आणि धाकटा तिसरीत. भावजी कुपवाडच्या एमआयडीसीत, आमच्या ह्यांचं दुकान, मी पतसंस्थेत, सकाळी साडेनऊला बाहेर पडते ते संध्याकाळी साडेसहाला घरी. अक्का घरीच असतात.

तर झालं असं की मागच्या आठवड्यात रात्रीची भांडी आवरताना अक्का शांतपणे म्हणाल्या, मी वरच्या ओट्यावर वेगळं करायचं म्हणतेय. भांडण नाही, तंडण नाही, आवाज चढवला नाही काही नाही. मला काय बोलावं तेच सुचलं नाही.

वरचा ओटा म्हणजे काय ते सांगते. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची, तेव्हा आमच्या सोप्यात छातीएवढं पाणी. मामांनी आज्जीला पाठुंगळीला मारून माडीवर नेलं, ह्यांनी आणि भावजींनी शेगडी आणि भरलेला सिलिंडर दोर बांधून जिन्यानं वर ओढला आणि चार दिवस अकराच्या अकरा माणसं माडीवर एका पातेल्यातली खिचडी खात होतो, मग बोट आली आणि विश्रामबागला नणंदेकडं गेलो. घर साफ करून परत राहायला आल्यावर मामांनी पहिलं काम काय केलं तर वर कडाप्प्याचा ओटा बांधून घेतला, सिंक बसवलं, परत पाणी आलं तर बाईमाणसांचे हाल नकोत म्हणाले. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा तो वापरलाही. एरवी त्याच्यावर पापडाचे डबे आणि जादा पांघरुणं.

आता त्याच ओट्यावर वेगळी चूल. घरात अजून फक्त आम्हा दोघींना आणि नवऱ्यांना माहीत होतं, पण आज्जींना कान नसले तरी कसं कळतं देव जाणे. काल मी ताट घेऊन गेले तर म्हणाल्या, "चूल कुठंबी मांडा गं, पर माजं ताट कुठं ते आदी सांगा." मी तशीच ताट घेऊन उभी.

ज्यांनी असं केलंय त्यांनी सांगा. निभतं का? काय काय आधी ठरवायला हवं? आणि आज्जींना मी काय सांगू?

माजघर

आम्ही केलंय, नाशिकला, आठ वर्षं झाली. निभतं. पण आमचं पहिलं वर्ष फार वाईट गेलं आणि त्याचं कारण मोठ्या गोष्टी नव्हत्याच. मोठ्या गोष्टी, म्हणजे खर्च कुणी किती द्यायचा, सणवार कुठं, हे आम्ही सगळे बसून अगदी वहीत लिहून ठरवलेलं. जे ठरवलं नव्हतं त्यावर सगळी भांडणं झाली. उदाहरणार्थ पाहुणा. दारातून आलेला माणूस कुणाचा? सासऱ्यांचे मित्र रोज सकाळी येणार, चहा कुठल्या ओट्यावर? सासरच्या गावाहून कुणी राहायला आलं तर जेवण कुणाकडं, आणि दोन्हीकडं थोडं थोडं वाढलं तर तो गावी जाऊन काय सांगणार? दुसरं म्हणजे फ्रिज. फ्रिज एकच होता, तो खाली, आणि विरजणाच्या भांड्यावरून मी आणि माझी जाऊ चार दिवस बोललो नाही, मला आज आठवलं तरी वाईट वाटतं. तिसरं, मुलं. मुलांना चूल वेगळी झालेली कळतच नाही, ज्या ओट्यावर वास चांगला येतो तिथं जाऊन बसतात. तुझ्याकडं जेवलं मग माझं उरलं, हे रोज. याचं उत्तर आम्हाला दीड वर्षानं सापडलं, पोरं कुठंही जेवू देत, हिशेब करायचा नाही आणि दोघींनी संध्याकाळी सहाला एकमेकींना विचारायचं, आज काय केलंयस.

एवढं ठरवा, बाकीचं होतंय.

एकत्रच_बरं

मला पटत नाहीये. अकरा माणसं एका ताटात जेवतायत, आजच्या काळात असं घर राहिलंय कुठं. एकदा चूल वेगळी झाली की मग दार वेगळं होतं मग मीटर वेगळा होतो आणि मग शेवटी भिंत. आमच्या साताऱ्याच्या घराचं मी डोळ्यानं बघितलंय. दहा वर्षं झाली, चुलत भावाच्या मुलाचं नाव मला पटकन आठवत नाही. जाऊबाईंना समजवा, कामाला बाई लावा, पोळ्यावाली लावा, पण चूल मोडू नका.

थोरली_पाती

मी थोरली जाऊ आहे. २३ वर्षं. गावभागवाली, तुमचा धागा वाचून मी दुपारची झोपू शकले नाही म्हणून लिहितेय.

एकत्रच_बरं, तुमच्या घरी पोळ्या कोण करत होतं? राग मानू नका, मनापासून विचारतेय. कारण अकरा माणसं एका ताटात जेवतात हे खरं, पण त्या ताटामागं एकच बाई उभी असते आणि ती सगळ्यात शेवटी जेवते, गार.

आणि पोळ्यावाली लावून हे सुटत नाही. हाताला काम आहे त्याचं काही वाटत नाही हो, काम तर आम्ही लहानपणापासून करतोय. जे खातं ना आतून, ते म्हणजे रोज ठरवणं. आज भाजी काय. सासऱ्यांना वांगं चालत नाही, आजीला दात नाहीत, पोराला गवार नको, पोरीचं डाएट, धाकट्या जावेचा गुरुवार. दूध किती घ्यायचं, उद्या डब्याला काय, सिलिंडर कधी लावला होता, नवीन नंबर लावायचा का, पीठ दळायला टाकलं का. रात्री अंथरुणावर पडलं की उद्याची कणीक डोळ्यासमोर येते. २३ वर्षं मी हे अकरा माणसांसाठी डोक्यात घेऊन फिरले, आणि कधीतरी वाटतं की चार माणसांसाठीच ठरवावं, एखादे दिवशी नुसता मुगाच्या डाळीचा भात टाकावा आणि तासभर पडावं, आणि त्याला "आज एवढंच?" असं कुणी म्हणू नये. तुमच्या अक्का बहुतेक एवढंच मागतायत. त्यांना तुमच्यापासून वेगळं व्हायचं नाहीये.

एक करा. एक आठवडा नुसतं लिहून काढा घरात कोण काय करतं. कुणाला दाखवू नका, स्वतःसाठी लिहा.

ठाणे_टू_बीएचके

आम्ही सहा जण टू बीएचकेत, सासू-सासरे, आम्ही, दोन मुलं. दुसरी चूल मांडायला जागाच नाही, मांडायची तर गॅलरीत मांडावी लागेल. आमच्याकडं वेळ वाटून घेतलीय, सकाळी साडेसहा ते आठ ओटा माझा, आठ नंतर आईंचा. त्या वेळात दुसरीनं आत यायचं नाही, मीठ कमी आहे का वगैरे बघायलाही नाही. ऐकायला कडक वाटतं पण त्यामुळं आमचं खूप बरं चाललंय. थोरली_पाती, तुमची पोस्ट सेव्ह केली.

कोर्टाची_पायरी

कोल्हापूरला वकिली करतो, एक भीती घालवण्यासाठी लिहितो. लोकांना वाटतं स्वयंपाक वेगळा झाला म्हणजे वाटणी झाली. तसं नाही. हिंदू कायद्यात जेवण वेगळं, राहणं वेगळं, एवढ्यावरून वाटणी सिद्ध होत नाही, वाटणीचा इरादा दाखवायला लागतो. म्हणजे अक्कांनी वर भात शिजवला म्हणून घराच्या प्रॉपर्टी कार्डावर काही फरक पडत नाही. घर वडिलोपार्जित असेल तर विश्रामबागच्या नणंदबाईंचाही त्यात भावांइतकाच हक्क आहे हे विसरू नका, महाराष्ट्रात मुलींना हा हक्क १९९४ च्या दुरुस्तीनं दिला, तेव्हा ज्यांची लग्नं आधीच झाली होती त्या त्यातून वगळल्या होत्या, मग २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं तो सगळ्याच मुलींना मिळाला, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्यासाठी २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही. त्यामुळं चूल आणि मालमत्ता हे दोन विषय एका बैठकीत घेऊ नका. लोक तिथंच चुकतात. गॅसवरून सुरू झालेलं बोलणं शेतावर जातं.

दुसरं, काम सोपं करणारी गोष्ट. गॅसच्या २००० सालच्या सरकारी आदेशात एक कुटुंब कशाला म्हणायचं तर नवरा, बायको, अविवाहित मुलं, अवलंबून असलेले आईवडील, एका घरात राहणारे आणि स्वयंपाकघर सामाईक असणारे. स्वयंपाकघर खरोखर वेगळं असेल तर त्या घरात दुसरं कनेक्शन मागता येतं. एजन्सीत कागदपत्रं विचारून घ्या.

निवृत्त_सर

वकीलसाहेबांनी गॅसचं सांगितलं त्यावरून. जनगणनेतही हेच आहे. २०११ च्या जनगणनेत कुटुंब म्हणजे जे लोक साधारणपणे एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातलं जेवतात ते. प्रगणक दारात येऊन विचारतो तेव्हा छप्पर एक आहे का यापेक्षा चूल एक आहे का हे तो बघतो. मी दोनदा शिक्षक म्हणून हे काम केलंय, एका वाड्यात एकाच जिन्यावर मी तीन कुटुंबं नोंदवली होती आणि तिघांची पोरं एकाच अंगणात खेळत होती, अजून ते घर डोळ्यासमोर आहे.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली त्यातही एका छपराखाली राहणं, एका चुलीवरचं खाणं, मालमत्ता सामाईक असणं आणि देवधर्म एकत्र असणं हे सगळं आहे. पण पुढं आय. पी. देसाई यांनी गुजरातेत महुवा गावातल्या कुटुंबांचा अभ्यास केला, तो १९६४ ला आला, आणि त्यांचं म्हणणं पडलं की चूल आणि छप्पर मोजून कुटुंब एकत्र आहे की नाही ते कळत नाही, माणसं एकमेकांसाठी काय करतात ते बघावं लागतं. मी वर्गात बावीस वर्षं हे दोन्ही शिकवलं आणि माझं मत देसाईंच्या बाजूचं होत गेलं, कारण माझ्या स्वतःच्या घरात चूल एक होती आणि माझे दोन काका सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आई मध्ये बसून दोघांना वाढायची.

गावभागवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. थोरली_पाती, तुम्ही सांगितलं तसं मी आठवडाभर लिहिलं. सोमवार ते रविवार, मोबाईलमध्ये.

अक्का साडेपाचला उठतात, नळ सहाला येतो, पिण्याचं पाणी त्याच भरतात. सकाळी ३६ ते ४० पोळ्या, चार डबे. संध्याकाळी भाकरी, त्या मी करते असं मला वाटायचं, पण लिहिताना कळलं की मी आठवड्यातून तीनदाच केल्या, बाकीचे दिवस मी येईपर्यंत अक्कांनी करून टोपलीत ठेवलेल्या होत्या. चहा दिवसातून सात वेळा, पहिला पाच पन्नासला मामांचा, शेवटचा रात्री दहाला पोरीचा अभ्यासाचा. आज्जींची भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागते, दुपारची अक्का देतात, रात्रीची मी. आत्या भाजी निवडतात, ताक करतात, देवाचं सगळं त्यांच्याकडं, गुडघ्यामुळं उभ्यानं काही होत नाही. भावजी आणि हे, दोघांचं मिळून आठवड्यात मी काय लिहिलं तर दळण आणणे, बाजार आणणे, सिलिंडर बदलणे.

मी सोळा वर्षं या घरात आहे आणि हे मला दिसलं नव्हतं. मी पगार आणते, मुलांची फी, लाईटबिल बघते, त्यामुळं मला वाटायचं माझं बरोबरीचं आहे. काल रात्री अक्कांना ते लिहिलेलं वाचून दाखवलं. दाखवू नका म्हणाला होतात पण राहवलं नाही. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या की चहा सात नाही आठ वेळा होतो, दुपारी तीनला बोळातल्या काकू येतात तो तू धरला नाहीस.

आता चूल वेगळी व्हावी असं माझंच मत झालंय. पण आज्जींचं अडकलंय. आमच्या ह्यांनी सुचवलं की महिना आमच्याकडं महिना भावजींकडं असं करू. मला ते कसंतरीच वाटतंय, पण कारण सांगता येत नाहीये.

आजी७२

मी सांगते कारण. मी ७२ वर्षांची आहे, नातवानं टायपिंग शिकवलंय, चुका होतील.

म्हाताऱ्या माणसाची पाळी लावू नका. माझ्या आईची लावली होती माझ्या भावांनी, तीन भाऊ, चार चार महिने. कुणीही तिला वाईट वागवलं नाही हो, तिन्हीकडं गरम जेवण, अंगावर धड लुगडं. पण ती कुठंच डबा उघडायची नाही. चहा पाहिजे असं कुणाला म्हणायची नाही. पाळी संपत आली की पिशवी भरून ठेवायची, दोन दिवस आधीच. पिशवी तिच्या उशाशी असायची. आपल्या घरात पाहुणी झाली ती. तुमच्या आज्जी ताट कुठं म्हणून विचारतात ते हेच विचारतात. त्यांना एक कायमची जागा पाहिजे जिथं त्यांचा पाट आहे आणि तिथून त्यांना कुणी हलवायचं नाही. मग जेवण वरून येऊ दे नाहीतर खालून येऊ दे.

आणि ९१ वर्षांच्या बाईला महिन्यानं जिना चढायला लावणार का, आं?

माजघर

आजी, डोळ्यात पाणी आलं. आमच्याकडं सासऱ्यांचं असंच केलंय, त्यांची खुर्ची आणि त्यांचं ताट खालीच, वरून काही केलं की वाटी खाली जाते. हा नियम लिहिलेला नाही पण आठ वर्षांत चुकलेला नाही.

कोर्टाची_पायरी

आजींशी पूर्ण सहमत. कायद्याच्या बाजूनं एवढंच की २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सांभाळायची जबाबदारी मुलांवर आहेच, सज्ञान नातवंडांवरही आहे. दोन्ही भाऊ सारखेच जबाबदार. पाळी लावून ती जबाबदारी अर्धी होत नाही.

एकत्रच_बरं

थोरली_पाती, तुम्ही विचारलंत पोळ्या कोण करत होतं. आमच्याकडं मोठी काकू करायची. तिला आम्ही कधी जेवताना बघितलंच नाही, खरं सांगतो, आठवायचा प्रयत्न केला दोन दिवस. वाटण्या झाल्यावर सगळे तिलाच बोल लावायचे की हिनं घर मोडलं. ती आता पुण्यात मुलीकडं असते. रविवारी फोन केला. वीस मिनिटं बोललो, मग ती म्हणाली पोळ्या लाटायच्यात, ठेवते.

गावभागवाली, माझं आधीचं म्हणणं मागं घेतो. करा तुम्ही. फक्त मुलांचं येणं-जाणं तोडू नका.

ठाणे_टू_बीएचके

वर्षाचं सामान कसं करणार? तिखट, ज्वारी वगैरे? आमच्या गावाकडं तिथंच सगळं फिसकटलं होतं, कारण एकीला पाच किलोचं तिखट लागतं आणि दुसरी म्हणते माझी माणसं तिखट खात नाहीत, मी निम्मे पैसे का देऊ.

गावभागवाली

अडीच महिन्यांनी येतेय. लिहायचं राहून गेलं कारण सकाळी वेळच मिळत नाही, आता कारण कळेल.

आधी बैठक कशी झाली ते. मामांना सांगायची मला भीती होती, ओटा त्यांनी पुरासाठी बांधलेला आणि आता त्याच्यावर हे. अक्कांनी स्वतः सांगितलं, सगळ्यांच्या समोर, रात्री जेवण झाल्यावर. मामा बराच वेळ गप्प, मग म्हणाले वरच्या नळाला प्रेशर कमी आहे, टाकी उचलायला पाहिजे. एवढंच. दुसऱ्या दिवशी प्लंबरला घेऊन आले. आत्या मात्र रडल्या. त्यांना वाटलं आपण कुठं कमी पडलो. अक्का त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि रात्री उशिरापर्यंत दोघी माजघरात बोलत होत्या, काय बोलल्या मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

ठरलं ते असं. सकाळचा चहा, नाष्टा, डबे आणि दुपारचं जेवण वेगळं. वर अक्कांचे चौघं, खाली आम्ही चौघं, मामा, आत्या आणि आज्जी. रात्रीचं जेवण खाली, सगळ्यांचं एकत्र, आणि ते एक दिवस मी, एक दिवस अक्का. भात-आमटीचा कुकर भावजी आणि हे लावतात, शिकले, पहिल्या आठवड्यात आमटी नुसतं पाणी झाली होती पण कुणी काही बोललं नाही, बोलायचं नाही असं आधीच ठरलं होतं. भावजींच्या हातची आमटी आता मुलांना आवडायला लागलीय.

वर्षाचं सामान एकत्र. ज्वारी आणि गहू एकदम भरतो, तिखट एकदम, ब्याडगी आणि लवंगी आणून मसाला भाजून डंकावर न्यायचा ते दोघी मिळून, माणसांवर हिशेब नाही, दोन भाऊ निम्मे निम्मे. पाच किलोच्या तिखटाचे तीन मोठे बरणे होतात, दोन खाली एक वर, संपलं तर ज्याच्याकडं आहे त्यानं द्यायचं. दूध, भाजी, गॅस ज्याचं त्याचं. गॅसचं दुसरं कनेक्शन भावजींच्या नावावर झालं, वकीलसाहेब तुमचे आभार, एजन्सीचा माणूस येऊन वरचा ओटा बघून गेला. लाईटचा मीटर मात्र एकच ठेवलाय. महावितरणचे शंभर युनिटपर्यंत एक दर, मग तीनशेपर्यंत दुसरा, मग पाचशेपर्यंत तिसरा असे टप्पे आहेत, उन्हाळ्यात आम्ही वरच्या टप्प्यात जातो, दोन मीटर केले तर बिल कमी येईल असं भावजी म्हणत होते, पण मामा म्हणाले मीटर राहू दे एक. त्यावर कुणी वाद घातला नाही.

पाहुण्याचं: दारातून आलेला पाहुणा खालचा. अक्कांच्या माहेरचे आले तरी चहा खाली, जेवण वर. माजघर, हे तुमच्यामुळं आधीच ठरवलं आणि लग्गेच कामाला आलं, पंधरा दिवसांतच गावाकडचे चौघं येऊन गेले.

गौरी-गणपती, दिवाळीचा फराळ, श्राद्ध सगळं खाली आणि एकत्रच. देवघर एकच.

आज्जींचं ताट खाली, माजघराच्या खांबाजवळ, जिथं ते माझं लग्न व्हायच्या आधीपासून आहे. ताट पितळी, त्यांच्या सासूचं. मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं, आज्जी तुमचं ताट हलायचं नाही. तर म्हणाल्या, "मग चुली धा मांडा." दुपारी मी नसते तर अक्का वरून वाटी घेऊन येतात आणि भाकरी कुस्करून देतात, ते काही त्यांनी सोडलं नाही, मी म्हटलं आत्या देतील, तर म्हणाल्या तिला माझ्या हाताची सवय आहे. अकरावीतला पुतण्या हल्ली कॉलेजातनं आला की आधी खाली येतो, आज्जींच्या ताटातला अर्धा चतकोर उचलतो आणि मग वर जातो. हे तो आधी करत नव्हता.

सगळं गोड झालंय असं सांगत नाही. खालचं स्वयंपाकघर सकाळी फार रिकामं वाटतं. अक्कांची एक सवय होती, पोळ्या लाटताना हळू आवाजात ओव्या म्हणायच्या, ते वरून ऐकू येत नाही. आणि मला जमत नाही अजून. साडेपाचला मी उठते आता, सात माणसांचा चहा, दोन मुलांचे आणि माझा डबा, शिवाय मामांना सकाळीच भाकरी लागते. एकदा मी ऑफिसला लेट झाले, दोनदा मुलीचा डबा राहिला, दुसऱ्यांदा तो अक्कांनी वरून भरून दिला. अक्का आता साडेसहाला उठतात. त्यांच्या चेहऱ्यावर फरक दिसतोय, मुलीनंही मला म्हटलं, मोठ्या आई आता हसतात गं.

थोरली_पाती

वाचलं. दोनदा वाचलं. आमच्या घरी दाखवणार आहे मी हे. बाकी काही लिहायला सुचत नाहीये.

आजी७२

खांबाजवळचं ताट. छान केलंत पोरींनो. सकाळी लवकर उठायचं पहिले तीन महिने जड जातं मग शरीर लावून घेतं. डब्याची भाजी रात्रीच चिरून ठेवा.

गावभागवाली

आजी, चिरून ठेवते आता. एकच विचारायचं राहिलं, सकाळच्या भाकरीला माझ्या हातून सारख्या चिरा पडतायत, थापायला घेतली की कडेनं फाटते. अक्कांना विचारलं तर म्हणाल्या पीठ बघायला पाहिजे, आज्जी म्हणतात तुझा हात जड आहे. दळण तीन आठवड्यांपूर्वीचं आहे.

माजघर

पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली. तीन आठवडे फार झाले, उन्हाळ्यात तर ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांचंच दळून आणायचं, थोडं थोडं. आता जे आहे ते संपवायचं असेल तर परातीत पीठ घेऊन मधे उकळतं पाणी ओता, उलथन्यानं कालवा, पाच मिनिटं झाकून ठेवा आणि कोमट असतानाच चांगलं मळा. एका वेळी एकाच भाकरीचं मळायचं, सगळं एकदम मळून ठेवलं की शेवटच्या दोन फाटतातच.

गावभागवाली

उद्या सकाळी करून बघते.